सर्दी कोणाच्या नावावर

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तलासरीहून निघाले आणि जेवणाच्या वेळेला घोलवडला पोचले, तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसून शिंकत होते. दोन शिंका झाल्या होत्या आणि तिसरीच्या तयारीत ते तोंड वर करून थांबले होते. मला फाटकात पाहिल्यावर त्यांनी हातानेच थांबायची खूण केली, तिसरी शिंक पार पाडली आणि म्हणाले, "ये. पण लांब बस."

२०१९ चा फेब्रुवारी होता. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. आमच्या शाळेचे वर्ग मैदानात ताडपत्रीखाली भरत. मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की हादरा बसला तर ती आधी माझ्या तोंडाकडे बघत, बाई घाबरल्या का ते पाहायला. घोलवडला हादरे कमी जाणवायचे, तरी बाबांनी त्या दिवशी माळा रिकामा करायला काढला होता. अंगणभर पितळी हंडे, आईच्या लग्नातली ट्रंक, जुनी बारदानं आणि आमच्या लहानपणची मच्छरदाणी पसरली होती. झोपेत डोक्यावर हंडा पडून मरणं आपल्याला शोभणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कोणाची?" मी विचारलं.

"नविनभाईची. काल संध्याकाळी ओट्यावर बसला होता."

दुसऱ्या घरांत कोणी शिंकलं की काय खाल्लं ते विचारतात. आमच्या घरात 'कोणाची' हे विचारतात. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, नोकरीची बरीचशी वर्षं घोलवड स्टेशनातच गेली. चिकूच्या करंड्या गाडीत चढवायच्या, त्याआधी प्रत्येकीवर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. नावाची चिठ्ठी गळून पडलेली एखादी करंडी कोपऱ्यात राहायची. तिच्यावर बाबा खडूने स्वतःचं नाव लिहून ठेवत, खरा मालक सापडेपर्यंत. बेवारशी म्हणून माल सडू द्यायचा नाही.

सर्दीलाही त्यांनी हाच नियम लावला. ती थंडीने होत नाही, दह्याने होत नाही, ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते. म्हणजे तिला पाठवणारा असतोच. तो शोधायचा. आणि ज्याने पाठवली त्याने घेणाऱ्याला काढा करून द्यायचा, गवती चहा, आलं, मिरी आणि गूळ घालून. हा दंड नव्हता. बाबा त्याला 'डिलिव्हरी' म्हणत.

आईला हे कधीच मान्य झालं नाही. तिच्या मते सर्दी होते ती दिवेलागणीनंतर चिकू खाल्ल्याने, ओल्या केसांनी पंख्याखाली बसल्याने आणि खाऱ्या वाऱ्यात डोकं उघडं ठेवल्याने. बाबा म्हणायचे, मग समुद्रावरचे मासेमार जन्मभर शिंकत असते. आई म्हणायची, ते डोक्याला फडकं बांधतात, बघा कधी.

पुढे मी वाचनातून त्यांना एक गोष्ट पुरवली, की सर्दी करणाऱ्या विषाणूंच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. एक होऊन गेली तरी ती दुसरीला अडवत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा सर्दीत सापडतो. मोठा वर्षातून दोन-तीनदा, लहान मूल सहा-आठदा. बाबा खूश झाले. "दोनशे पार्ट्या," ते म्हणाले, "आणि गाडी एकच."

मी लहान असताना त्या दोनशे पार्ट्या बहुधा माझ्याकडेच माल पाठवत. सारखं नाक वाहायचं. मग रात्री जेवणं झाली की तपास सुरू व्हायचा. बाकावर शेजारी कोण बसतं? सुकी. सुकीला सर्दी आहे का? आहे. मग सुकीच्या घरी जाऊन काढा मागायचा का? इथे मी रडवेली व्हायचे, कारण सुकीच्या आजीची मला भीती वाटायची. बाबा जरा विचार करायचे, नाकाला बोट लावायचे आणि म्हणायचे, "नाही, सुकीची नव्हे. परवा ऑफिसात मला एक शिंक आली होती. ही माझी." आणि स्वयंपाकघरात जायचे. आई मागून ओरडायची, गुळाचा डबा मोकळा करू नका. ते दरवेळी करायचे.

मी दर्शनला दिलेल्या सर्द्याही बाबांच्याच निघायच्या. दर्शन माझा धाकटा भाऊ, एका ताटात जेवणारा. त्याला माझ्याकडून लागली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण 'माझी' म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत बाबा म्हणून मोकळे झालेले असायचे.

तर त्या शनिवारी मी लांब बसले नाही. खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले, मग जेवून आल्यावर आणखी जवळ सरकले. बाबांनी झाडाखालच्या टोपलीतला एक पिकलेला चिकू उचलला, धोतराला पुसला, चाकूने कापून अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मला दिला. आम्ही बिया फाटकाच्या दिशेने उडवल्या. त्यांची लांब गेली. मी वर्गातल्या गमती सांगितल्या. चैत्या नावाच्या मुलाने निबंधात लिहिलं होतं की भूकंपामुळे गणिताचा तास अर्धवट राहतो म्हणून भूकंप आपला मित्र आहे. बाबा एवढे हसले की पुन्हा शिंक आली.

"लागेल हं तुला," ते म्हणाले.

"लागू दे."

"मग आत्ताच सांगून ठेवतो. सोमवार-मंगळवारी नाक सुरू झालं तर तपास करत बसायचं नाही. ही माझी."

संध्याकाळी आम्ही हंडे पडवीत ओळीने लावले. जेवणात बोंबलाचं कालवण होतं. आईने बाबांना मच्छरदाणी झटकायला सांगितली आणि त्यांनी ती तशीच लावली. एवढंच.

रविवारी पहाटे बाबा गेले. हृदय बंद पडलं. ओळखीच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की आदल्या दिवशी काही लक्षण दिसलं नसणार, आणि शिंकांचा याच्याशी काही संबंध नाही. ते मी मुद्दाम विचारलं होतं.

मंगळवारी सकाळी मला शिंक आली.

घरात सुतक, ओटीवर सतरंज्या, डहाणूची आत्या येऊन राहिलेली, वापीहून दर्शन आलेला. मी मागच्या दारी पाणी तापवत होते. शिंक आली आणि मी तशीच उभी राहिले. मग दुसरी आली. घशात ती ओळखीची खवखव होती. मला इतका आनंद झाला की मी चुलीशी बसून घेतलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, सोमवार-मंगळवार. माल वेळेवर पोचला होता.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सुतकाच्या घरात आपल्याला सर्दी झाल्याचा आनंद झाला आहे, हे सांगायचं तरी कसं?

त्यानंतरचे दिवस चमत्कारिक गेले. मी रडले नव्हते. मला पटकन रडू येत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आता माझे डोळे लाल, नाक लाल, हातात रुमाल. भेटायला येणाऱ्या बायका मला पाहूनच गहिवरत. एका बाईने माझं डोकं छातीशी धरून ठेवलं आणि मला श्वास घेता येईना. मी सुटायला धडपडले, तेव्हा तिने आणखी घट्ट धरलं. माझ्या शाळेतल्या सुषमाबाई आल्या होत्या, त्या परत जाताना आईला म्हणाल्या, वर्षाबाईंना मोकळं होऊ द्या, आतल्या आत ठेवू नका. आई म्हणाली, आत काही राहत नाहीये, दिवसाला चार रुमाल होतात.

सर्दी आहे हे एकदा उघड झालं तेव्हा कारणं आली. आत्याच्या मते स्मशानातून माणसं आल्यावर मी गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली, ते भोवलं. समोरच्या काकूंच्या मते उघड्यावर शाळा भरते, तिथली धूळ. नविनभाई, ज्यांची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे, रोज संध्याकाळी येऊन बाबांच्या खाटेसमोर खुर्ची टाकून बसत. बोलत नसत. बोलले ते दह्याबद्दल.

"सुधाबेन, मी तर सांगतो ना, रात्री दही खाल्लं का नाक चालू झालंच समजा."

"कोणी खाल्लं दही? शेजारून येतंय ते पिठलं-भात खातोय आम्ही," आई म्हणाली.

"तर मग पिठलं."

कोणीही 'कोणाची' हे विचारलं नाही. मी वाट पाहत होते. प्रत्येकाने मला काहीतरी प्यायला आणलं, आत्याने हळदीचं दूध, नविनभाईंकडून 'लीली चा', म्हणजे गवती चहाच. मी आभार मानून सगळं बाजूला ठेवून दिलं. ज्याने पाठवली त्याचाच काढा चालतो, आणि तो मिळणार नव्हता. शिवाय मला ती जायला नको होती. सर्दी किती टिकते ते मला माहीत होतं. आठवडा, फार तर दहा दिवस. त्यानंतर बाबांकडून आलेलं आणि अजून चालू असलेलं असं माझ्याजवळ काही उरणार नव्हतं. बाकी सगळं होतं, चष्मा, चपला, खाट. पण त्या वस्तू होत्या. ही सर्दी चालू होती.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो, आई, दर्शन, नविनभाई आणि मी. माझं नाक जरा मोकळं झालं होतं आणि त्यामुळे माझा जीव खालीवर होत होता. दर्शनने माझ्या हातातला न प्यायलेला पेला पाहिला.

"ताई, तू औषध का घेत नाहीस?"

"ही बाबांची आहे," मी म्हणाले. निघूनच गेलं तोंडातून.

दर्शनच्या चेहऱ्यावर लहानपणचा भाव आला, रात्रीच्या तपासाला बसल्यासारखा. तो वापीला एका कारखान्यात माल तपासणीचं काम करतो. बापाचा गुण त्याच्यात तेवढा उतरला आहे.

"कशावरून?"

"शनिवारी ते शिंकत होते. मी शेजारी बसले. एका चाकूने चिकू खाल्ला. मंगळवारी मला आली. बरोबर दोन-तीन दिवस."

"आणि शुक्रवारी तू कुठे होतीस? शनिवारी सकाळी?"

"शाळेत."

"ताडपत्रीखाली. सगळी पोरं रात्री उघड्यावर एका चादरीत पाच-पाच जण झोपून आलेली. ताई, तुझ्या वर्गातली पन्नास वाहती नाकं सोडून तू बाबांच्या नाकावर का येतेस?"

"कारण बाबांनी सांगितलं. त्यांनी नाव लावून ठेवलं होतं."

"बरं. मग बाबांना कोणाची?"

"नविनभाईंची."

नविनभाई खुर्चीत सरळ झाले. "माझी? मला दिवाळीपासून एक शिंक नाही. विष्णूभाई असं बोलला?"

"शुक्रवारी तुम्ही ओट्यावर बसला होतात."

"बसला होता. पत्ते खेळत होता. पण सर्दी नाही मला, माताजीची शपथ." त्यांना खरंच लागलं. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर पत्ते खेळले त्याने जाता जाता आपल्यावर खोटा माल लावावा, हे त्यांना सहन होईना. "मेला तो खोटं बोलून मेला," ते म्हणाले, आणि मग काय बोललो ते कळून कानाच्या पाळीला हात लावला.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलत होतं. मला आधी वाटलं, ती रडते आहे.

"काय सर्दी न् काय," ती म्हणाली. "सकाळपासून माळ्यावर होते. बारदानं झटकली. मी खालून सांगत होते, तोंडाला फडकं बांधा. नाकात ती तेवढी धूळ गेली. तू आलीस तेव्हा नुकते खाली उतरले होते."

"मग मला का सांगितलं, सर्दी आहे म्हणून?"

"शनिवार होता ना, तू येणार होतीस," आई म्हणाली, जणू एवढ्यात सगळं आलं. मग मला समजलं नाही असं पाहून तिने पुढे सांगितलं. "तू पुस्तकं वाचतेस. मोठ्या माणसाला वर्षातून किती वेळा होते म्हणालीस?"

"दोन-तीनदा."

"ह्यांना तेवढीसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून बघते आहे, एखाद वर्षी झाली तर झाली. आणि तुला लहानपणी महिन्याआड. दर्शनला मधल्या महिन्यात. त्या सगळ्या ह्यांच्या कशा असतील? हिशेब कर ना."

मी केला नाही. करायची गरज नव्हती. दर्शन माझ्या आधी हसायला लागला. खाली मान घालून, खांदे हलवत. मग मी. मग नविनभाई, त्यांच्यावरचा आळ गेला म्हणून. आत्या आतून बाहेर आली आणि सुतकाच्या घरात आम्हाला हसताना बघून पुन्हा आत गेली.

"ह्यांना स्वयंपाकघरात यायला निमित्त लागायचं," आई म्हणाली. "नुसतं येऊन पोरांना काही करून द्यायचं, तर लाज वाटायची. मग सर्दी नावावर घ्यायची."

हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सर्दीचं नव्हतं. नविनभाईंनी खुर्ची थोडी फिरवून वाडीकडे तोंड केलं.

त्या रात्री मला वाईट वाटलं, हे खरं आहे. मी जपून ठेवलेली वस्तू दुसऱ्याच कोणाची निघाली होती, बहुधा चैत्याची किंवा त्याच्या शेजारी बसणाऱ्या कोणाची. पण सकाळी उठले तर नाक मोकळं होतं आणि डोकंही. सुकीची सर्दी बाबांची नव्हती. ऑफिसातल्या त्या शिंकाही बहुतेक कधी आल्याच नव्हत्या. कोपऱ्यात पडलेली, चिठ्ठी गळलेली करंडी, आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं नाव. एवढ्या वर्षांत मला एकही बेवारशी सर्दी झाली नाही. मग ही शेवटची तरी वेगळी का धरायची? ज्यांच्या नावावर ती होती, त्यांच्याच नावावर राहू दिली.

तेरावं झालं. आत्या डहाणूला परत गेली, दर्शन वापीला. मी आणखी दोन दिवस रजा वाढवली. माळ्यावरचे हंडे अजून पडवीत ओळीने होते. ते वर ठेवायचे की तसेच राहू द्यायचे, यावर आईचं आणि माझं एकमत होत नव्हतं. जमीन अधूनमधून हलतच होती. त्या दुपारी एक बारीक हादरा बसला आणि सगळे हंडे एकदम किणकिणले. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बरं, राहा खाली."

संध्याकाळी तिने बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या हाताने फोडणी केली. सुक्या मिरच्या जरा जास्तच तापल्या. मी पडवीत मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासत होते, तिथपर्यंत त्यांचा ठसका आला. आतून आईची शिंक ऐकू आली. मग दुसरी.

हात आपोआप थांबला. या क्षणाला आमच्या घरात बाबांचा आवाज यायचा, 'कोणाची?' आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, डोळे पुसत, हातात झारा. तिने अंगणातल्या खाटेकडे पाहिलं, सवयीने. मग पटकन नजर काढून घेतली.

"मिरची लागली," ती म्हणाली. "काही नाही."

मिरचीच होती. मलाही ते माहीत होतं. मी वह्या बाजूला ठेवल्या, उठले आणि कोनाड्यातली सुरी घेतली. न्हाणीच्या सांडपाण्यावर बाबांनी लावलेला गवती चहा माझ्या कमरेएवढा वाढला होता. चार पाती कापून आणली आणि आईच्या शेजारून आत गेले. गुळाचा डबा वरच्या फळीवर होता. तो मी खाली काढला तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे काय?"

एवढ्या वर्षांत तो शब्द म्हणायची माझ्यावर वेळच आली नव्हती. दरवेळी माझ्या आधी कोणीतरी म्हणून मोकळं व्हायचं. मी आईला हाताला धरून पाटावर बसवलं, गॅसवर पाणी ठेवलं आणि आलं ठेचायला घेतलं.

"ही माझी, आई," मी म्हणाले. "ही सर्दी माझी आहे."